गल्ल्यावरची दलित स्त्री आणि आपली समीक्षा

स्त्रियांच्या मालकीचे उद्योगधंदे वाढत आहेत, हे आता सर्वमान्य झाले आहे. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातील स्त्रियांच्या मालकीच्या आस्थापना ८० लाखांहून अधिक भरल्या. एकूण आस्थापनांशी त्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. जनावरे पाळणे, वस्तू तयार करणे, किरकोळ विक्री अशा नाना क्षेत्रांत या आस्थापना पसरलेल्या आहेत. या वाढीबरोबरच एक वाङ्मयही वाढले आहे. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, महिला दिनाचे विशेषांक, सत्कारसमारंभांच्या स्मरणिका यांतून 'उद्योगिनी'च्या यशोगाथा सातत्याने छापल्या जातात. शून्यातून विश्व उभारणारी, जिद्दीची, हसतमुख स्त्री ही या वाङ्मयाची नायिका होय.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु येथे एक प्रश्न निखळ साहित्याचा आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकानेच विचारला पाहिजे. धंदा करणारी दलित स्त्री आपल्या साहित्यात कोठे आहे, आणि आपल्या समीक्षेने तिला कशी वाचली? माझे उत्तर असे की, ती आपल्या साहित्यात पानोपानी आहे, परंतु समीक्षेने तिला धंदेवाली म्हणून कधी वाचलेच नाही. यशोगाथांच्या वाङ्मयाला धंदा दिसतो, पण जात दिसत नाही. आपल्या समीक्षेला जात दिसते, दुःख दिसते, पण धंदा दिसत नाही. या दोन वाचनांच्या मधल्या फटीत ही स्त्री नाहीशी झाली आहे.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' घ्या. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः येऊ लागले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील दारिद्र्याचे, अंधश्रद्धेचे, सासुरवासाचे आणि आंबेडकरी चळवळीने आणलेल्या जागृतीचे दाहक चित्रण म्हणून या पुस्तकाचा गौरव झाला व तो योग्यच आहे. पण याच पुस्तकात दोन बाजारप्रसंग आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एकात महार बायका सरपणाच्या मोळ्या ब्राह्मणवाड्यात विकायला नेतात. तेथील घरधनीण त्यांना बजावते की, लाकडे नीट तपासा, एखादा केस किंवा लुगड्याचा धागा चिकटून आत आला तर घर बाटेल. दुसऱ्या प्रसंगात याच बायका वाण्याच्या दुकानासमोर गिऱ्हाईक म्हणून उभ्या आहेत. हातात पैसे आहेत, तरी त्यांना लांब उभे राहून, स्वतःला हीन म्हणवून घेत, लाचारीने माल मागावा लागतो.

विकतानाही अपमान आणि विकत घेतानाही अपमान. रोख पैसा दोन्ही बाजूंनी फिरला तरी माणसाची प्रत त्याने बदलली नाही. पैसा सर्वांना सारखे करतो, असे अर्थशास्त्राचे विद्यार्थी मानतात. बेबीताईंच्या या दोन प्रसंगांनी त्या समजुतीला जे उत्तर दिले आहे, ते आपण 'अस्पृश्यतेचे विदारक चित्रण' या साच्यात टाकून मोकळे झालो. ते बाजाराचे विश्लेषण आहे, हे आपण ओळखले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे पुस्तक लिहिणारी स्त्री स्वतः दुकानदार होती. नवऱ्याला काम नव्हते, तेव्हा या जोडप्याने प्रथम द्राक्षे विकली आणि पुढे फलटणला किराण्याचे छोटे दुकान थाटले. गिऱ्हाईक मुख्यतः आपल्याच वस्तीतले. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतून बेबीताईंचे वाचन झाले. दुकानात बसूनच त्यांनी लेखन केले आणि ते सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. ही हकीगत आपल्याला मुख्यतः २००८ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीतून कळते. मूळ आत्मकथनात समाजाचे जिणे आहे, दुकानाला जवळजवळ जागा नाही.

याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. ज्या स्त्रीच्या आईआज्या वाण्याच्या दारात लांब उभ्या राहिल्या, ती स्त्री स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्या उभे राहण्याचा इतिहास लिहीत होती. दलित स्त्रीच्या लेखनासाठी लागणारी जागा, थोडा निवांतपणा आणि वाचायला छापील कागद या तिन्ही गोष्टी तिला दुकानाने दिल्या. विद्यापीठाने नाही, वाङ्मयमंडळाने नाही, किराण्याच्या दुकानाने! आणि तरीही त्या दुकानाचा विचार आपल्या समीक्षेने लेखिकेच्या चरित्रातील एक तपशील म्हणूनच केला. तो त्या पुस्तकाच्या निर्मितीचा पाया आहे, असे म्हणणे मला भाग आहे.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाची गत थोडी वेगळी झाली. तेथे धंदा शीर्षकातच आहे. शिक्षक असलेले वडील लेखिकेच्या लहानपणीच वारले आणि आईने बांबूची आयदाने विणून, विकून मुले वाढवली. लेखिकेनेच आईच्या विणण्याचे आणि आपल्या लिहिण्याचे नाते सांगितले आहे. समीक्षकांनी ते नाते उचलून धरले. आयदान हे दलित स्त्रीच्या वेदनेच्या विणीचे रूपक ठरले आणि त्यावर प्रबंध झाले. पण रूपक होताच टोपली विकण्याची वस्तू राहिली नाही. तिची किंमत कोण ठरवत होते, बांबू कोठून येई, सूप घेणारी कोण, पैसे कसे हातात पडत, हे प्रश्न मागे पडले.

वस्तुतः हे सारे पुस्तकात आहे. आरंभीच डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला लाकडे, गवत, आंबे असे ओझे घेऊन जाणाऱ्या फणसवळ्याच्या बायका आहेत. आईने विणलेली आयदाने घरोघर पोचवण्याचे काम लहानग्या उर्मिलेकडे असे. घेणारे लोक आयदानावर पाणी शिंपडून मगच त्याला हात लावत आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकत. ज्या सुपात धान्य पाखडायचे ते दलित बाईच्या बोटांनी विणलेले चालते. पाण्याचे चार थेंब पडले की त्याचा विटाळ जातो. मग बाईचा विटाळ कोणत्या पाण्याने जाणार? वस्तू शुद्ध होऊ शकते, विकणारी होऊ शकत नाही. जातिव्यवस्थेच्या बाजाराचा हा मूळ नियम आहे आणि तो 'आयदान'मध्ये जितका स्वच्छ दिसतो तितका एखाद्या समाजशास्त्रीय ग्रंथातही क्वचितच दिसेल.

हा नियम मला पुस्तकात वाचण्याआधीपासून ठाऊक होता. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझी आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून आठवड्याच्या बाजारात विकत असे. मांगवाड्यातल्या बाईने बांधलेली केरसुणी दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जाते. तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागू देत नाहीत. अशी लक्ष्मी विकणाऱ्या माझ्या आईला मात्र बाजाराच्या कडेची, उकिरड्याजवळची जागा मिळे. एका वर्षी तिने केरसुण्यांच्या शेजारी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडला. चटणी फार चांगली होत असे. केरसुण्या दुपारपर्यंत संपल्या. चटणी आमच्याच वाड्यातल्या बायकांनी, तीही तिची कीव येऊन, संध्याकाळी घेतली. पुढच्या आठवड्यात डबा घरीच राहिला. आईने भांडवलाअभावी तो धंदा सोडला नाही, तिला हिशेब येत नव्हता असेही नाही. तिच्या हातचे खाणारे गिऱ्हाईक नव्हते, एवढेच.

यावरून मला असे म्हणायचे आहे की, दलित स्त्रीच्या बाबतीत उद्योगाची खरी कसोटी मालकी ही नसून गिऱ्हाईक ही आहे. दुकान कोणाच्या नावावर आहे हा दुसरा प्रश्न. तिच्या हातून काय घेतले जाते आणि काय घेतले जात नाही, हा पहिला प्रश्न. 'विविध क्षेत्रांत स्त्रियांचे उद्योग वाढले' असे म्हणताना ही क्षेत्रे सर्व स्त्रियांना सारखी खुली आहेत असे गृहीत धरले जाते. ते गृहीतच खोटे आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' या निबंधात दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्यात आज आपण एवढीच भर घालायची की, ती गिऱ्हाइकांचीही विभागणी आहे.

स्त्रियांच्या उद्योगांचा महाराष्ट्रातील इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचता येईल. १९५९ साली मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभी राहिली आणि आज हजारो स्त्रिया तिच्या सभासद म्हणून मालकीण आहेत. हे कर्तृत्व मोठे आहे, त्याला उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळू लागली. श्रमाला 'घरकाम' म्हणून हिणवणाऱ्या समाजात हे पाऊल क्रांतिकारकच होते.

परंतु पापड आणि खानावळ हे दोन्ही धंदे अन्नाचे आहेत. अन्नाचा धंदा करायला स्त्रीला फारसे शिक्षण लागत नाही, यंत्र लागत नाही, जे घरात येते तेच बाजारात चालते; म्हणून गरीब स्त्रीला हा सर्वांत सोपा धंदा, असे सर्व सल्लागार सांगतात. दलित स्त्रीला नेमका तोच सर्वांत अवघड आहे. ज्या गिरण्यांत ही खानावळीची संस्कृती वाढली, त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. जेथे एकाच्या ओठाला लागलेला धागा दुसऱ्याला चालत नव्हता, तेथे एकीच्या हातची भाकरी सर्वांना चालली असती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

हा जुना काळ झाला, असे कोणी म्हणेल. शहरात कोण कोणाची जात विचारतो, असेही म्हटले जाईल. त्यासाठी २०१७ साली पुण्यात घडलेली घटना पुरेशी आहे. सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी आलेल्या बाईने आपली जात लपवली, अशी फिर्याद विज्ञानक्षेत्रातील एका उच्चपदस्थ स्त्रीने पोलिसांत दिली. पोलिसांनी ती नोंदवून घेतली. चहूकडून टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली. ती स्वयंपाक करणारी बाई दलितही नव्हती, मराठा होती. तेव्हा दलित स्त्रीने या धंद्यात आपल्या नावाची पाटी लावून उतरायचे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणूनच मला कल्पना सरोज यांच्या यशाचे वाचनही वेगळ्या रीतीने करावेसे वाटते. अकोला जिल्ह्यातील खेड्यातून आलेल्या, बालविवाह झालेल्या या स्त्रीने आजारी पडलेला कमानी ट्यूब्ज हा कारखाना हाती घेतला आणि २०१३ साली तिला पद्मश्री मिळाली. यशोगाथांच्या वाङ्मयाने त्यांची कथा परीकथेसारखी सांगितली. त्या सांगण्यात दोन गोष्टी पुसट झाल्या. एक, त्यांच्या पहिल्या धंद्याला मागासवर्गीयांसाठी असलेल्या सरकारी योजनेतील कर्जाचा आधार होता. म्हणजे ही एकट्या व्यक्तीच्या जिद्दीची गोष्ट नाही, एका दीर्घ राजकीय लढ्याने मिळवलेल्या हक्काचीही आहे. दुसरी, तो कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर कामगारांनी चालवायला घेतला होता. त्या कामगारांचा इतिहास या कथेच्या मागे उभा आहे. आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने तिसरी गोष्ट अशी की, तांब्याच्या नळीला हात कोणाचा लागला हे कोणी विचारत नाही. धातूला विटाळ नाही. गिऱ्हाईक आणि मालकीण यांच्यामध्ये यंत्र, कंपनीचे नाव आणि व्यापाऱ्यांची साखळी उभी राहिली की, दलित स्त्रीला श्वास घ्यायला जागा मिळते.

ही जागा मी तुच्छ मानत नाही. खेडे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले त्यामागेही हाच विचार होता. अनोळखी गिऱ्हाईक हा दलिताचा मित्र आहे. पण अनोळखी राहण्याच्या अटीवर मिळालेले स्वातंत्र्य अपुरे असते, हेही नमूद केले पाहिजे. पाटीवरून आडनाव गाळावे लागते, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा आत लावावा लागतो, तेथे गल्ला भरतो पण आत्मसन्मान रिकामा राहतो.

आता मालकीच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच आर्थिक गणनेनुसार स्त्रियांच्या मालकीच्या सुमारे ८३ टक्के आस्थापनांत पगारी मजूर एकही नव्हता आणि सुमारे ७९ टक्के आस्थापना स्वतःच्याच पैशावर उभ्या होत्या. म्हणजे या आकड्यातली बहुसंख्य 'मालकीण' हीच तिची मजूर आहे, आणि बँक तिच्यापर्यंत पोचलेली नाही. केरसुणी बांधणारी माझी आई या हिशेबात 'उत्पादक आस्थापना' ठरते! शब्द मोठा झाला, बाजारातली जागा उकिरड्याजवळचीच राहिली.

कर्जाच्या योजनांतही हीच फट आहे. २०१६ साली केंद्र सरकारने 'स्टँड-अप इंडिया' योजना आणली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या कर्जदाराला आणि किमान एका स्त्रीला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, अशी तिची रचना होती. वरवर पाहता दोघांनाही न्याय झाला. पण पहिली जागा दलित पुरुषाने आणि दुसरी सवर्ण स्त्रीने भरली, तरी शाखेचे उद्दिष्ट पुरे होते. दलित स्त्री दोन्ही यादीत बसते, म्हणून तिला कोणत्याही यादीत घेण्याची सक्ती उरत नाही. ही केवळ एका योजनेची उणीव नाही, आपल्या सार्वजनिक विचाराचीच आहे. स्त्री म्हटले की सवर्ण स्त्री डोळ्यांसमोर येते आणि दलित म्हटले की पुरुष येतो.

आणि तारण? घर आणि जमीन कोणाच्या नावावर आहे? स्त्रीला संपत्तीत हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याकडे आपण त्यागाची घटना म्हणून पाहतो. तो स्त्रीच्या भांडवलाचा प्रश्न होता, हेही पाहिले पाहिजे. ज्या घरात बाईच्या धंद्याचा पैसा संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात जातो, ते घर बौद्धवाड्यात असो वा मांगवाड्यात, तेथे बाबासाहेबांचा राजीनामा अजून समजलेला नाही. बेबीताईंना आपले लेखन नवऱ्यापासून लपवावे लागले, ही गोष्ट आपल्या चळवळीच्या घरातलीच आहे.

आपल्या समीक्षेने धंद्याकडे दुर्लक्ष का केले, याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. आपल्या अनुभवात दुकानदार म्हणजे सावकार, उधारीच्या वहीत खोटे आकडे मांडणारा. त्यामुळे धंदा हा शब्दच शोषणाशी जोडला गेला. दुसरीकडे शिक्षण आणि नोकरी हा मुक्तीचा मार्ग होता आणि तो खरा ठरला. शांताबाई कांबळे शिक्षिका झाल्या, कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आत्मकथनांत आपल्याला आपली वाट दिसली. मीही त्याच वाटेने येथवर आले. पण त्या वाटेची फी कोणी भरली? केरसुण्यांनी, आयदानांनी, मोळ्यांनी भरली. आपल्या आत्मकथनांत नोकरी हे फळ आहे आणि आईचा धंदा हे मूळ आहे. आपण फळाचा सत्कार केला आणि मुळाला 'कष्ट' हा एकच शब्द दिला.

हा शब्द गौरवाचा वाटतो, पण तो अपुरा आहे. कष्ट म्हटले की घाम दिसतो, बुद्धी दिसत नाही. कोणत्या बाजाराला काय न्यावे, पावसाळ्याआधी किती माल साठवावा, उधारी कोणाला द्यावी, भाव कोठवर धरून ठेवावा, हे निर्णय ती बाई रोज घेत होती. लिहिता न येणारी स्त्री तोंडी हिशेबावर संसार आणि व्यापार दोन्ही चालवत होती. माझ्या वर्गातील मुली प्रवेशअर्जावर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात आजही 'काही नाही' असे लिहितात. त्यांतल्या एकीची आई ब्लाऊज शिवते, दुसरीची सुके बोंबील विकते, तिसरीची बांगड्या भरते. या मुलींना हा शब्द कोणी शिकवला? जनगणनेने शिकवला असेल, घराने शिकवला असेल. पण तो पुसण्याचे काम साहित्य शिकवणाऱ्यांचे होते आणि ते आपण केलेले नाही.

म्हणून दलित आत्मकथने वाचताना यापुढे तीन साधे प्रश्न विचारावेत असे मी सुचवते. बाईने काय विकले? कोणी घेतले आणि कोणी नाकारले? आलेला पैसा कोणाच्या हातात पडला? हे प्रश्न 'जिणं आमुचं'ला विचारा, 'आयदान'ला विचारा आणि तेच प्रश्न गुळगुळीत कागदावरच्या यशोगाथांनाही विचारा. पहिल्या दोन पुस्तकांत उत्तरे सापडतील. यशोगाथा बहुधा गप्प बसतील. कोणते वाङ्मय वास्तववादी आणि कोणते स्वप्नरंजनाचे, याचा निवाडा मग आपोआप होईल.

स्त्रियांच्या उद्योगांची वाढ मोजायला सरकारचे आकडे लागतात, ते जरूर मोजावेत. पण आपला मापदंड वेगळा असला पाहिजे. ज्या दिवशी तालुक्याच्या भर चौकात एखादी मातंग किंवा बौद्ध स्त्री आपल्या पूर्ण नावाची पाटी लावून खानावळ उघडेल आणि दुपारी त्या पाटीखाली सगळ्या आळ्यांतली माणसे रांग लावून उभी राहतील, त्या दिवशी उद्योग वाढला असे मी म्हणेन. तोवर तिच्या गल्ल्यात पडलेला प्रत्येक रुपया कोणत्या अंतरावरून पडला, हे लिहून ठेवणे आपल्या साहित्याचे काम आहे आणि ते वाचता येणे समीक्षेचे.